शेगडीजवळून एक्स्टेन्शन नेताना: गोव्यात नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त म्हापसा, फोंडा किंवा वास्कोत भाड्याचं घर घेतलं की पहिल्याच आठवड्यात कळतं, पॉइंट हवा तिथे कधीच नसतो. जुन्या कौलारू घरांचं वायरिंग झालं तेव्हा स्वयंपाकघरात एक दिवा आणि फार तर मिक्सरपुरता पॉइंट पुरे होता. आज त्याच ओट्यावर मायक्रोवेव्ह, किटली, पाण्याचा फिल्टर आणि नाताळ जवळ आला की ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टीही येते. नव्या फ्लॅटमध्ये पॉइंट जास्त असतात, पण फ्रिजसाठी काढलेला पॉइंट नेमका तुम्ही कपाट ठेवता त्याच्या मागे दडतो. मग बाजारातून एक्स्टेन्शन बोर्ड येतो आणि त्याची वायर सगळ्यात जवळच्या वाटेने जाते. ती वाट बहुतेक घरांत शेगडीच्या मागून असते.

वायर तिथून नेऊ नये एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मग न्यायची कुठून, किती जाडीची घ्यायची, तिच्यावर काय चालवायचं आणि काय नाही, हे मात्र कुणी बसून सांगत नाही. ते इथे सांगतो. हे घरमालक आणि भाडेकरू दोघांच्याही कामाचं आहे, पण मुख्यतः ज्यांना भिंत फोडून नवा पॉइंट काढता येत नाही त्यांच्यासाठी.

आधी सत्तर अंशांचा हिशेब

साध्या एक्स्टेन्शनच्या वायरीवर पीव्हीसीचं आवरण असतं. आतली तांब्याची तार ७० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापून राहणार नाही, असं गृहीत धरून हे आवरण बनवतात. हे ७० अंश दोन बाजूंनी खर्च होतात. बाहेरची हवा आणि आजूबाजूच्या गरम वस्तू ही एक बाजू. वीज वाहताना तार आतून तापते ती दुसरी.

मे महिन्यात गोव्यातल्या स्वयंपाकघरात हवाच ३५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे काहीही चालू करण्याआधी निम्मी मर्यादा संपलेली. वायर शेगडीच्या किंवा ओटीजीच्या शेजारून गेली आणि तिच्याभोवतीची हवा ६० अंशांना पोचली, तर उरले फक्त १० अंश. अशा जागी ७० अंशांच्या वायरीची वीज वाहण्याची क्षमता ३० अंशांच्या खोलीतल्यापेक्षा जवळपास निम्मी धरतात. बोर्डावर १० ॲम्पिअर छापलेलं असलं तरी त्या जागी ती वायर ५ ॲम्पिअरची झाली. बोर्डावरचा छापील आकडा मात्र तसाच राहतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट. आकडा घालून पाहू. ०.७५ स्क्वेअर एमएम जाडीची पाच मीटर वायर आहे आणि तिच्यावर २००० वॅटचं उपकरण चाललं आहे. प्रवाह सुमारे ८.७ ॲम्पिअर. जायची आणि यायची तार मिळून दहा मीटर तांबं होतं, त्यात सुमारे २० वॅट उष्णता तयार होते. वायर सरळ पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत विरून जाते. पण तीच वायर नीटनेटकी दिसावी म्हणून गुंडाळून रबरबँड लावून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली, तर छोटं सोल्डरिंग आयर्न चालू करून चिंध्यांत गुंडाळून ठेवल्यासारखं होतं.

मर्यादा ओलांडली की लगेच जाळ होतो असं नाही, म्हणून तर लोक गाफील राहतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जातं. वायर आधी कडक होते, मग वाकवली की तडकते. ढोबळ नियम असा की मर्यादेच्या वर दर दहा अंशांना आवरणाचं आयुष्य निम्मं होतं. आणि पीव्हीसी जळलंच तर धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. डोळे आणि घसा धरणारा तो आम्लयुक्त धूर आगीइतकाच घातक.

पहिली पायरी: घरभर फिरून गरम जागा शोधा

वायर हातात घेण्याआधी संध्याकाळी, स्वयंपाक चालू असताना, एक फेरी मारा. शेगडी सगळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या जागा जास्त फसवतात.

फ्रिजच्या मागे खाली कॉम्प्रेसर असतो आणि तो चांगलाच तापतो. नव्या फ्रिजमध्ये मागची जाळी दिसत नाही, पण उष्णता बाजूच्या पत्र्यातून बाहेर येते. फ्रिज आणि भिंत यांच्या फटीत बोर्ड खुपसणं ही गोव्यातल्या अरुंद स्वयंपाकघरातली नेहमीची सवय आहे, आणि माझ्या मते शेगडीमागच्या वायरीपेक्षाही वाईट, कारण तिकडे वर्षभर कुणी बघत नाही. मायक्रोवेव्ह आणि एअर फ्रायर मागच्या किंवा बाजूच्या जाळीतून गरम हवा फेकतात. ती हवा कुठे जाऊन आदळते ते हात धरून पाहा. ओटीजीचा बाहेरचा पत्रा हात टेकवता येणार नाही इतका तापतो, तो तर वरूनही.

कौलारू घर असेल तर माळ्यावरची जागा धरा. मंगळुरी कौलं उन्हात तापली की त्यांच्याखालची हवा खोलीपेक्षा कितीतरी गरम असते, आणि वायर 'वरून, नजरेआड' नेण्याचा मोह नेमका तिकडेच नेतो. वर उंदीर आहेतच. पश्चिमेकडच्या खिडकीच्या गजांवरून नेलेली वायर दुपारभर ऊन खाते. न्हाणीत गीझर, किंवा जुन्या घरांत अजूनही चुलीवरचं भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं. देवघरात समई आणि निरांजन. पलंगाखाली डासांची अगरबत्ती: ती विझलेली दिसते तेव्हाही टोकाला निखारा असतो आणि पलंगाखालून मोबाइल चार्जरचं एक्स्टेन्शन गेलेलं असतं.

या जागा कागदावर खुणा करून ठेवा. पुढे लागतील.

दुसरी पायरी: वॅट वाचा, २३० ने भागा

आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्ट. उपकरणाच्या तळाशी किंवा मागे चिटकवलेल्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. त्यांना २३० ने भागलं की ॲम्पिअर मिळतात. मिक्सर ५०० ते ७५० वॅट, म्हणजे दोन-तीन ॲम्पिअर. साधी इस्त्री ७५० ते १०००. विजेची किटली १५००, म्हणजे साडेसहा ॲम्पिअर. ओटीजी १२०० ते २०००. इंडक्शन शेगडी २००० च्या आसपास. पाण्याचा गीझर २००० ते ३०००.

मायक्रोवेव्हच्या बाबतीत लोक चुकतात. दुकानदार '८०० वॅटचा' म्हणतो तो आकडा पदार्थाला मिळणाऱ्या शक्तीचा असतो. भिंतीतून तो १२०० वॅटच्या आसपास ओढतो. मागची पट्टी वाचा, खोक्यावरची जाहिरात नको.

आता एक रेघ मारा. जे उपकरण उष्णता निर्माण करण्यासाठीच बनवलंय आणि १००० वॅटच्या वर आहे, ते एक्स्टेन्शनवर लावू नका. गीझर, इंडक्शन, ओटीजी, पाणी तापवायचा रॉड, आणि तसाच एसीही, थेट १६ ॲम्पिअरच्या पॉइंटवर. एक्स्टेन्शनवर मिक्सर, फिल्टर, चार्जर, दिवा, टेबल फॅन खुशाल चालवा. इस्त्री आणि मायक्रोवेव्ह मधल्या पट्ट्यात येतात: जाड वायरीच्या बोर्डावर एकटे, सोबत दुसरं काही नको.

इथे एक प्रश्न हमखास येतो: 'एमसीबी आहे ना, जास्त झालं तर तो पडेलच की.' नाही पडणार. स्वयंपाकघराच्या लाइनवरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, साधारण १६ किंवा २० ॲम्पिअरचा असतो आणि तो भिंतीतल्या जाड वायरीची राखण करतो. ६ ॲम्पिअरच्या एक्स्टेन्शनमधून १२ ॲम्पिअर वाहत असले तरी त्याला त्यात वावगं काहीच दिसत नाही. वायर वितळेपर्यंत तो शांत बसून राहील. जुन्या घरात किटकॅट फ्यूज असेल तर आणखी एक गोष्ट तपासून घ्या. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्यात जाड तांब्याची तार घातलेली असते. असं दिसलं तर एक्स्टेन्शन राहू दे, आधी वायरमनला बोलवा.

तिसरी पायरी: वायर विकत घेताना

दुकानात गेल्यावर मीटर आणि रंग आधी विचारू नका. जाडी विचारा. 'किती स्क्वेअर एमएम?' या प्रश्नाला उत्तर न देणारा दुकानदार सोडून पुढच्या दुकानात जा. तांब्याच्या लवचीक वायरीसाठी ढोबळ हिशेब असा: ०.७५ ची वायर ६ ते ७ ॲम्पिअर, १ ची १० च्या आसपास, दीडची १४-१५, अडीचची १९-२०. हे आकडे मोकळ्या हवेत पसरलेल्या वायरीचे. स्वयंपाकघरात चालवायची असेल तर एक पायरी वरची घ्या. म्हणजे हिशेबाने १ पुरत असेल तर दीड.

वायरीवर आयएस ६९४ आणि प्लग-सॉकेटवर आयएस १२९३ ही भारतीय मानकांची खूण छापलेली असते. बाजारात खूप हलका, चकचकीत आणि स्वस्त बोर्ड दिसला तर त्यात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असण्याची शक्यता असते. ती तांब्याच्या दीडपटीच्या आसपास तापते. तारेचं टोक पात्याने खरवडलं की आतून पांढरं दिसतं. खोक्यातून न काढलेल्या बोर्डावर हा प्रयोग कुणी करू देणार नाही, तेव्हा वजन हातात घेऊन बघायचं आणि मानकाची खूण शोधायची.

तीन तारांची वायर हवी, म्हणजे अर्थिंगसकट. गोव्यात जमीन आणि हवा दोन्ही वर्षातले चार महिने ओलसर. पत्र्याच्या अंगाच्या उपकरणाला अर्थिंग नसणं इथे परवडत नाही. जुन्या घरात दोन भोकांचाच पॉइंट असेल तर थ्री-पिन प्लगची वरची पिन काढून टाकून तो घुसवणारे आहेत. तसं करू नका, तिथे अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून पाहून घ्या.

एक वस्तू घरात आणूच नका: १६ ॲम्पिअरचा जाड प्लग ६ ॲम्पिअरच्या पॉइंटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्टर. जाड प्लग बारीक पॉइंटमध्ये शिरू नये म्हणूनच तो जाड केलेला असतो.

इस्त्री-मायक्रोवेव्हसाठी चांगला पर्याय म्हणजे वायरमनकडून करून घेतलेलं एक्स्टेन्शन: दीड किंवा अडीच एमएमची तीन तारांची लवचीक वायर, एका टोकाला १६ ॲम्पिअरचा प्लग, दुसऱ्या टोकाला एकच १६ ॲम्पिअरचं सॉकेट. सॉकेट एकच असलं की दुसरं काही लावण्याचा मोहच उरत नाही. लांबी लागेल तेवढीच. तीन मीटरचं काम असताना दहा मीटर घेतली की उरलेली सात मीटर गुंडाळून कुठेतरी कोंबावी लागते, आणि त्याचा हिशेब वर केलाच आहे.

८५ अंशांपर्यंत टिकणारी पीव्हीसीची वायरही मिळते, 'एचआर' म्हणून मागायची. गरम जागेजवळून जाणं टळतच नसेल तर ती घ्या. पण ती घेतली म्हणून शेगडीजवळून न्यायचा परवाना मिळत नाही. जळत्या आचेपुढे ७० काय आणि ८५ काय.

चौथी पायरी: वाट ठरवणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या पायरीतला कागद काढा.

उष्णता वर जाते. त्यामुळे शेगडीच्या, ओटीजीच्या, समईच्या डोक्यावरून वायर कधीही जाऊ नये, उंची कितीही असो. चिमणीच्या वरून, मसाल्याच्या फळीखालून, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून केलेला 'पूल' पहिल्यांदा उतरवा. तो तेलाची वाफही पितो. फोडणीचा तेलकट थर वायरीवर बसला की त्यावर धूळ चिकटते, आणि तेलाने आवरणही हळूहळू खराब होतं.

बाजूने जायचं असेल तर शेगडीच्या कडेपासून निदान एक हात, म्हणजे दीड फूट अंतर ठेवा. हा माझा नियम, त्याहून जास्त मिळालं तर उत्तमच. मोजताना बर्नरपासून मोजू नका. मोठं पातेलं बर्नरच्या बाहेर येतं आणि त्याच्या कडेने ज्वाळा वळून वर जाते, तेव्हा सगळ्यात मोठं पातेलं शेगडीवर ठेवून त्याच्या कडेपासून मोजा. तवा उतरवून ठेवायची जागाही यात धरा. गरम तवा, कुकर, उतरवलेली कढई हे फिरते उष्णतेचे स्रोत आहेत, आणि आपल्याकडे वायर वितळते ती बऱ्याचदा ज्वाळेने नाही, घाईत तिच्यावर टेकवलेल्या तव्याने. म्हणून ओट्याच्या पृष्ठभागावर वायर आडवी पडलेली नको. भिंतीला धरून, ओट्यापासून वीतभर उंचीवर, प्लॅस्टिकच्या क्लिपांनी किंवा केसिंग पट्टीत न्या. पट्टीत नेली तर एकच वायर, कारण बंद पट्टीत उष्णता कोंडते. लोखंडी खिळा वाकवून वायर दाबणं नको, तिथेच आवरण चिरतं.

मग खालून, फरशीवरून न्यावी का? इथे गॅसची गोष्ट येते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली उतरून फरशीलगत पसरतो, ओट्याखालच्या कपाटात साचतो. सिलिंडर ओट्याखाली आणि त्याच्याच शेजारी जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड ही मांडणी अनेक घरांत दिसते. प्लग काढताना-घालताना उडणारी बारीक ठिणगी गळलेल्या गॅसला पुरेशी असते. तेव्हा बोर्ड सिलिंडरच्या खोलीत जमिनीवर नको, आणि सिलिंडरच्या कपाटात तर मुळीच नको. वायर शेगडीच्या गॅसनळीला बांधून नेणं हाही प्रकार पाहिलेला आहे. तो सोडवा.

म्हणजे वाट उरते ती मधली: ओट्यापासून थोडी वर, शेगडीच्या विरुद्ध टोकाने. शेगडी आणि पॉइंट एकाच भिंतीवर, आणि उपकरण शेगडीच्या पलीकडे असेल, तर वायर शेगडीसमोरून किंवा मागून नेण्यापेक्षा उपकरणाची जागा बदला. मिक्सर पॉइंटजवळ आणा. ऐकायला साधं आहे, पण निम्म्या घरांत एक्स्टेन्शनचा प्रश्न इथेच मिटतो.

दारातून किंवा खिडकीच्या फटीतून वायर न्यायची असेल तर ती चिमटली जाता कामा नये. गालिचा, पायपुसणं, गादी यांच्याखाली नको: उष्णता बाहेर पडायला जागाच नसते, आणि पाय पडून तारा आतल्या आत तुटतात. तुटक्या तारांचे उरलेले थोडे धागे सगळा प्रवाह वाहतात आणि तेवढ्याच जागी वायर तापते.

सिंकजवळ बोर्डाकडे जाणारी वायर आधी थोडी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झुकलेल्या जागी ठिबकेल, बोर्डात शिरणार नाही.

जोड नको. वायर कमी पडली म्हणून दुसरी जोडून वर काळी टेप गुंडाळायची सवय गोव्यातही आहेच. या टेपचा गोंद उबेने सैल होतो आणि टेप सरकते. एका बोर्डाला दुसरा बोर्ड लावणं हाही जोडच समजा. कुणी काचेच्या धाग्याची नळी घालायला सुचवेल, बाहेरच्या उष्णतेपासून ती थोडं रक्षण करते खरी. पण वायरीची आतली उष्णता त्याच नळीत कोंडते. क्षणभर ज्वाळेचा स्पर्श होण्याची भीती असलेल्या जागी तिचा उपयोग, रोजच्या उबेवर नाही.

पाचवी पायरी: अर्ध्या तासाची परीक्षा

मांडणी झाली की रोजच्यासारखा लोड चालू करा आणि शेगडीही पेटवा. वायर एकदम तापत नाही. पुरती तापायला अर्धा तास तरी लागतो, त्यामुळे पाच मिनिटांनी हात लावून 'गार आहे' म्हणण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासाने पॉइंटचा स्विच बंद करून, कोरड्या हाताने, बोटांच्या मागच्या बाजूने वायर, प्लग आणि बोर्ड तपासा. कोमट चालेल. हात ठेवावासा वाटत नसेल तर लोड कमी करा किंवा वाट बदला.

वायर गार आणि फक्त प्लग गरम असेल तर कारण सैल सॉकेट. पिनेला पत्र्याची पकड घट्ट बसत नाही, तिथला रोध वाढतो. नुसता ०.१ ओहमचा सैल जोड असला तरी २००० वॅटच्या उपकरणाला त्या टीचभर जागेत सात-आठ वॅट उष्णता निर्माण होते. किनाऱ्याजवळच्या घरांत, कळंगुट असो की कोलवा, खाऱ्या हवेने पितळेच्या पिना हिरवट-काळ्या होतात आणि हाच प्रकार लवकर होतो. पिना पॉलिश पेपरने घासून साफ करता येतात, सॉकेट मात्र बदलायचं.

नाकाचाही उपयोग करा. स्विच आणि सॉकेटची काही जुनी प्लॅस्टिकं तापली की माशासारखा वास येतो. गोव्यातल्या स्वयंपाकघरात माशाचा वास आला म्हणून कोण दचकणार, हीच अडचण आहे. म्हणून सोमवारी किंवा श्रावणात, घरात मासळी शिजलेली नसताना तो वास आला, तर भांडी हुंगत बसण्याआधी स्विचबोर्ड हुंगा.

इस्त्री आणि रॉड

इस्त्रीच्या टेबलावर दोन वायरी असतात, इस्त्रीची आणि एक्स्टेन्शनची. इस्त्रीच्या वायरीला कापडाचं आवरण असतं ते उगाच नाही, गरम तळ तिला घासून जातो. एक्स्टेन्शनच्या पीव्हीसीला ते झेपत नाही. बोर्ड टेबलावर ठेवू नका, टेबलाखाली, इस्त्री धरणाऱ्या हाताच्या बाजूला ठेवा. पावसात वीज गेली की इस्त्री तशीच सोडून माणूस दुसऱ्या कामाला लागतो आणि तासाभराने वीज परत येते. वीज गेली की प्लग काढायचा.

पाण्याचा रॉड एक्स्टेन्शनवर नको, ओल्या न्हाणीत तर नकोच. याला अपवाद नाही.

चवथ आणि नाताळ

वर्षभर नीट असलेली मांडणी चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, बिघडते. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, केवणीच्या दोरांनी फळं, फुलं, पानं बांधली जातात, तिच्यातून रोषणाईच्या माळा फिरतात, खाली समई आणि निरांजन. पहिल्या दिवशी पानं हिरवी असतात. पाच किंवा सात दिवसांचा गणपती असेल तर शेवटी तीच पानं आणि तेच दोर वाळून सरपण झालेलं असतं. समई माटोळीच्या थेट खाली नको आणि मखरामागून जाणारी वायर समईच्या विरुद्ध बाजूने न्या. बोर्ड मखराबाहेर, हात पोचेल असा. मखरात दडवलेला बोर्ड आरतीच्या गर्दीत बंद करता येत नाही. रात्री निजताना रोषणाई बंद, समई तेवढी राहू दे.

थर्माकोलचं मखर असेल तर आणखी एक. पीव्हीसीच्या वायरीला थर्माकोल चिकटून राहिला की आवरण मऊ ठेवणारं द्रव्य थर्माकोलमध्ये उतरतं, आणि वायर हळूहळू कडक होते. मखर वायरीसकट माळ्यावर ठेवून पुढच्या वर्षी तसंच उतरवणाऱ्यांनी वायर वेगळी काढून ठेवावी. शिवाय थर्माकोल थोड्या आचेनेही आक्रसतो आणि पेट घेतला तर थांबत नाही.

नाताळात बेबिंक, हा थराथरांचा गोड पदार्थ. एकेक थर वरच्या आचेवर भाजत जायचं काम काही तास चालतं. एरवी ओटीजी पंधरा-वीस मिनिटं चालतो म्हणून बारीक एक्स्टेन्शन निभावून नेतं, बेबिंकेच्या दिवशी ते निभत नाही. त्या दिवशी ओटीजी उचलून १६ ॲम्पिअरच्या पॉइंटजवळ न्या, मग तो पॉइंट हॉलमध्ये एसीचा का असेना.

पावसाआधीची तपासणी

मेच्या शेवटी सगळे बोर्ड भिंतीतून काढून एकदा उलटे करा. वायर हातात वाकवा: तडे, चिकटपणा, रंग तपकिरी झालेली जागा दिसली तर ती वायर टाकून द्या, टेप नको. भोकांत मुंग्यांनी माती भरलेली असते, कधी पाल वाळलेली सापडते. उंदराने कुरतडलेली जागा माळ्याकडच्या भागात शोधा.

तरीही धूर निघाला तर

आधी मेन स्विच बंद. पेटता प्लग हाताने ओढू नका. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नका, एबीसी पावडरचं अग्निशामक असेल तर ते वापरा. कढईतलं तेल पेटलं असेल तर गॅस बंद करून झाकण, पाणी कधीच नाही. आग हाताबाहेर वाटली की घराबाहेर पडून १०१ किंवा ११२. गॅसचा वास येत असेल तर कुठलाही स्विच चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. मीटर किंवा खांबाकडच्या वायरीत बिघाड असेल तर १९१२, वीज खात्याचा तक्रार क्रमांक.

घरमालकाकडे मागायचं ते

एक्स्टेन्शन ही तात्पुरती सोय. अकरा महिन्यांचा करार असला तरी स्वयंपाकघरात एक १६ ॲम्पिअरचा पॉइंट, अर्थिंगसकट, आणि मीटरबोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढं मागायला संकोच करू नका. घर त्यांचं आहे, जळलं तर त्यांचंच. आरसीसीबी शॉक लागताना वीज तोडतो, तापलेल्या वायरीसाठी नाही, हे मात्र लक्षात असू द्या. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

पॉइंट कुठे काढायचा ते आधी तुम्ही ठरवा, वायरमनला जिथे सोपं पडेल तिथे नको: शेगडीच्या विरुद्ध टोकाला, सिंकपासून एक हात लांब, ओट्यापासून वीतभर वर. भिंत फोडण्याआधी खडूने खूण करा आणि ओटीजी त्या जागी ठेवून बघा. त्याचं दार पूर्ण उघडतं का, मागे चार बोटं हवा खेळते का, आणि त्याची स्वतःची वायर ताण न पडता खुणेपर्यंत पोचते का.